हॉटेलातली आयटीची नोकरी सोडून एमसीए करू का?

तुझा मेसेज नीट वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. मुलगा डिचोलीचा, वय 24, बीकॉम, कळंगुटच्या एका हॉटेलात आयटी असिस्टंट, हातात 24 हजार येतात. बाबा रिटायर झालेत, त्यांच्या ग्रॅच्युइटीची 5 लाखांची एफडी आता मॅच्युअर होतेय. याच्यापुढे तीन रस्ते आहेत: नोकरी सोडून पुण्याला फुलटाइम एमसीए (कॉम्प्युटरमधली दोन वर्षांची मास्टर्स डिग्री), फी 2 लाख 40 हजार, नाहीतर 1 लाख 80 हजारांचा फुल स्टॅक, म्हणजे वेबसाइटची पुढची-मागची सगळी बाजू बनवायला शिकवणारा कोर्स, ईएमआयवर आणि म्हणे जॉब गॅरंटीसकट, नाहीतर आहे तिथेच राहून सर्टिफिकेशनं करायची. बाबा म्हणतात डिग्रीशिवाय काही खरं नाही, मित्र म्हणतो आयटीत डिग्री विचारतो कोण.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नोकरी सोडू नको, एफडीला हात लावू नको, आणि तो ईएमआयवाला कोर्स तर अजिबात घेऊ नको.

एमसीएचा हिशोब तू फक्त फीचा केलायस, आणि तिथेच सगळे फसतात. दोन वर्षं पगार बंद म्हणजे 24 हजार गुणिले 24, झाले 5 लाख 76 हजार. पुण्यात राहण्याजेवणाचे घरापेक्षा महिन्याला 8 हजार जास्त धर, ते 1 लाख 92 हजार. त्यात फी मिळवली की 10 लाखांच्या वर जातं. आता समज तू इथेच राहिलास आणि दोन वर्षांत 28 हजारांवर गेलास, आणि एमसीए करून 35 हजारांची नोकरी लागली, तर महिन्याला फरक 7 हजारांचा, म्हणजे हे पैसे वसूल व्हायला 12 वर्षं. तेच 50 हजारांची लागली तर चार वर्षांच्या आत वसूल. म्हणजे सगळा खेळ कॉलेजच्या प्लेसमेंटवर आहे, आणि तिथे ब्रोशरवरचं हायेस्ट पॅकेज बघून काही उपयोग नाही, गेल्या वर्षी पास झालेल्या चार-पाच पोरांना गाठून विचार, तुझ्या हातात किती येतात. शिवाय बारावीला गणित होतं का ते बघ, बीकॉमवाल्यांना एमसीएला बऱ्याच ठिकाणी तेच आडवं येतं.

त्या कोर्सवाल्याने तुला सांगितलं की एज्युकेशन लोन म्हणून दाखवू, टॅक्स वाचेल. अरे, तुझं वर्षाचं उत्पन्न 2 लाख 88 हजार, तुला टॅक्सच लागत नाही तर वाचणार काय! आणि बिनव्याजी ईएमआय म्हणजे काय ते समजून घे. फायनान्स कंपनी क्लासला पैसे आधीच देऊन मोकळी होते, कर्ज तुझ्या नावावर. तीन महिन्यांनी शिकवणं पटलं नाही म्हणून सोडलंस तरी महिन्याचे 15 हजार भरायचेच, नाही भरलेस तर सिबिल खराब, आणि उद्या घरासाठी बँकेत गेलास की ते पहिलं पुढे येणार. जॉब गॅरंटीच्या अटी पण वाच, इतके टक्के हजेरी, इतके इंटरव्ह्यू, कुठल्याही शहरात जायची तयारी, अशा असतात. एक जरी मोडली की गॅरंटी गेली.

आता डिग्री लागते की नाही. लागते, पण कुठे ते बघ. सरकारी जाहिरातीत डिग्री किंवा डिप्लोमा लिहिलेला असेल तर तिथे सर्टिफिकेट घेऊन भांडता येत नाही. मोठ्या कंपन्यांच्या एचआरची चाळणी बऱ्याचदा डिग्रीवरच लागते. अमेरिकेच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाला तर कामाशी संबंधित विषयातली बॅचलर डिग्री किंवा तिच्या तोडीचं काहीतरी लागतं, तिथे बीकॉम अडतं. म्हणून बाबांचं मी उडवून लावत नाही, पण ही डिग्री नोकरी सांभाळून होते. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं गोव्यात केंद्र आहे, एमसीएची सगळी फी 50 हजारांच्या आसपास. अडचण एकच, तिथल्या परीक्षा जून आणि डिसेंबरच्या, आणि डिसेंबरात कळंगुटच्या हॉटेलात सुट्टी मागणं म्हणजे राजीनामाच देणं. त्यामुळे जमतील तितके पेपर जूनला टाक, दोन वर्षांचं तीन वर्षं झालं तरी बिघडत नाही.

सर्टिफिकेशनं ढीगभर करू नको. तू आत्ता हॉटेलात राउटर, स्विच, वायफाय, सीसीटीव्ही बघतोस, मग सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट, तेवढं एक कर. परीक्षा 300 डॉलरची, टॅक्स धरून 30 हजारांच्या आसपास बसेल, चालते 3 वर्षं. सरावासाठी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, क्लासला पैसे घालायची गरज नाही. पावसात हॉटेल निम्मं रिकामं असतं तेव्हा अभ्यास उरकायचा आणि सीझन लागायच्या आधी परीक्षा देऊन मोकळं व्हायचं. एडब्ल्यूएस (ॲमेझॉनचं क्लाउड) वगैरे नंतर, तसलं काम हातात आलं की.

तुझा खरा माल अनुभव आहे आणि तोच तू सगळ्यात वाईट मांडलायस. सीव्हीवर लिहिलंयस 'कॉम्प्युटर आणि इंटरनेटची कामे'. रात्री नाइट ऑडिट, म्हणजे दिवसाचा हिशोब बंद करणं, अडकलं की सर्व्हर कोण उठवतो? तूच ना? मग तसं लिही, खोल्या किती, ॲक्सेस पॉइंट किती, बिलिंगचं सॉफ्टवेअर कुठलं, बंद पडल्यावर किती वेळात चालू केलंस. आणि पीएफ कापतात का, कापत असतील तर हॉटेलच्या नावाने की कुठल्या कॉन्ट्रॅक्टरच्या, ते उद्याच बघ, कारण आयटी कंपन्या जुना अनुभव तपासताना यूएएनवरची, म्हणजे पीएफच्या नंबरवरची नोंद बघतात. पगार अर्धा रोखीत असेल तर तेवढा पगार पुढे कुणाला दाखवता येत नाही. हे नीट करून सीसीएनए हातात आलं की वेर्णा, पणजीकडच्या कंपन्यांत अर्ज सुरू कर, आणि दुसरी ऑफर लेखी आल्याशिवाय राजीनामा टाकू नको.

एफडी बाबांच्याच नावाने रिन्यू करा. त्यांना पेन्शन आहे का ते तू लिहिलं नाहीस, नसेल तर ते 5 लाख म्हणजे त्यांचं औषधपाणी, तुझी फी नाही. सीसीएनए आणि इग्नू मिळून 80 हजार, तीन वर्षांत महिन्याला सव्वादोन हजारांच्या आसपास पडतात, ते पगारातून निघतात.

तरी पुण्याचंच कॉलेज चांगलं निघालं आणि जायचंच ठरलं, तर आधी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना बघ, निकषात बसतोस का विचार, मगच बँकेकडे जा.

क्लासवाल्याला 5 हजार टोकन दिलंयस म्हणतोस, ते परत मिळायची अट पावतीवर आहे का बघ आणि फोटो पाठव. तोवर ओटीपी कुणाला सांगू नको, त्या ओटीपीनेच कर्जाचं ॲग्रीमेंट साइन होतं.