पाटोडी बर्फीच्या खाली काहून गेली?

प्रश्न: नमस्कार जी. मी नागपूरच्या महाल भागात राहतो, मामाचा केटरिंगचा धंदा आहे, लग्न, साखरपुडा, बारसं, सगळ्या ऑर्डरी घेतात. त्यांच्यासाठी मी जँगोमध्ये (वेब ॲप बनवायची पायथन भाषेतली तयार चौकट) एक छोटं वेब ॲप बनवलं. पदार्थांचं एक टेबल, मेनूंचं एक टेबल आणि दोघांत मेनी-टू-मेनी नातं, कारण पाटोडी रस्सा पाच-सहा मेनूंत असतो आणि एका मेनूत पंधरा-वीस पदार्थ. लॅपटॉपवर एसक्यूलाइट हा डेटाबेस होता तोवर सगळं मी टाकलं तसंच दिसायचं. सर्व्हरवर पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस घेतला, मामानं एक दिवस पाटोडीचा फक्त रेट बदलला आणि पाटोडी उठून थेट शेवटी, संत्रा बर्फीच्याही खाली! तेच पीडीएफ गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर गेलं. मामा म्हणे, "काहून बे, गोड झाल्यावर रस्सा वाढतेत काय?" मग मी पदार्थाच्या टेबलात क्रम नावाचा कॉलम टाकला, तर एक मेनू सुधारला की दुसरा बिघडतो. काय करू?
– आचाऱ्याचा भाचा, नागपूर

उत्तर: भाऊ, मामा बरोबर बोलले, पण चूक पोस्टग्रेसची नाही. तुम्ही डेटाबेसला क्रम कधी सांगितलाच नव्हता, एसक्यूलाइटवर तो योगायोगानं जुळत होता एवढंच. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसकडे केलेल्या मागणीत, ऑर्डर बाय (कशाच्या क्रमानं लावायचं ते) नसेल तर ओळी कोणत्या क्रमानं द्यायच्या ही डेटाबेसची मर्जी. एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञानं 1970 मध्ये रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे डेटा टेबलांत ठेवायच्या पद्धतीचा, पेपर लिहिला त्यातच आहे, की ओळींच्या क्रमाला काही अर्थ नसतो. पोस्टग्रेस ओळ अपडेट करताना जुनी ओळ जागेवर बदलत नाही, तिची नवीन प्रत लिहितं, ती जिथे जागा मिळेल तिथे, बरेचदा टेबलच्या शेवटी, आणि जुनी नंतर व्हॅक्यूम नावाची सफाई होते तेव्हा निघून जाते. म्हणजे मामानं रेट बदलला तेव्हा पाटोडी खरंच उठून मागे जाऊन बसली आणि वाचताना तिथेच सापडली.

आता कॉलमचं. तुम्ही तो पदार्थाच्या टेबलात टाकला, आणि खरा घोळ तिथेच आहे. संत्रा बर्फी लग्नाच्या जेवणात शेवटी येते आणि साखरपुड्याच्या नाश्त्यात मामा तीच आधी फिरवत असतील, मग बर्फीचा नंबर एक की वीस? बर्फीला स्वतःचा असा नंबरच नाही. आपल्या नागपूर मेट्रोचं बघा ना. सीताबर्डी स्टेशन दोन्ही लाइनींवर आहे, ऑरेंज लाइनवर ऑटोमोटिव्ह चौकाकडून मोजलं तर आठवं आणि ॲक्वा लाइनवर प्रजापती नगरकडून मोजलं तर दहावं. स्टेशनच्या टेबलात आठ लिहाल तर ॲक्वा बिघडली, दहा लिहाल तर ऑरेंज. तो आकडा स्टेशनचा नाही, लाइनचाही नाही, "या लाइनवर हे स्टेशन" या जोडीचा आहे, आणि जोडी राहते दोघांना जोडणाऱ्या मधल्या टेबलात. तर क्रमही तिथेच.

जँगो हे मधलं टेबल तुम्हाला न विचारता गुपचूप बनवतो, म्हणून ते लक्षात येत नाही. त्याला तुम्ही स्वतः मॉडेल (टेबलचं कोडमधलं वर्णन) द्या, मेनी-टू-मेनी फील्डला थ्रू लावून: मेनू, पदार्थ आणि क्रम. आणि हो, काही लोक म्हणतात मधल्या टेबलाचा आयडी (ओळीला आपोआप मिळणारा नंबर) आहेच की, ज्या क्रमानं टाकले त्या क्रमानं तो वाढेल, त्यावरच लावा. नका लावू. मेनूत एकदम पंधरा पदार्थ ॲड केले की जँगो त्यांचे आयडी आधी पायथनच्या सेट नावाच्या पोतडीत गोळा करतो आणि सेटला क्रम नसतो. शिवाय तुमची यादी नवीन क्रमानं लावून जँगोच्या सेट मेथडला (मेनूची पूर्ण यादी बदलायची सोय, वरच्या पोतडीशी संबंध नाही) दिली तरी जँगो फक्त नवे घालतो, नको ते काढतो, जे आधीपासून आहेत त्यांना हातच लावत नाही. मी या आयडीच्या भरवशावर एका कार्यक्रमाची पत्रिका काढली होती, दीपप्रज्वलन आभारप्रदर्शनाच्या नंतर छापून आलं, लोक अजून चिडवतात.

चालू फील्डला नुसतं थ्रू जोडलं की मायग्रेशन (टेबलांची रचना बदलायचा टप्पा) अडतं, जँगो सरळ एरर देतो की असं बदलता येत नाही. डेटाबेस आणि स्टेट (जँगोनं लक्षात ठेवलेली रचना) वेगवेगळे हलवायची एक सोय आहे, पण तुमच्याकडे चाळीस-पन्नास मेनू असतील, तर सोपा रस्ता घ्या: नवीन मधलं टेबल बनवा, डेटा मायग्रेशनमध्ये जुन्या जोड्या त्यात ओता, ओततानाच एकपासून नंबर द्या, मग जुनं फील्ड काढा. बॅकअप आधी घ्या, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो. आणि क्रम रिकामा ठेवायची मुभाच देऊ नका. चढत्या क्रमात पोस्टग्रेस रिकामे शेवटी टाकतं आणि एसक्यूलाइट पहिले, म्हणजे लॅपटॉपवर एक आणि सर्व्हरवर दुसरं, परत तोच तमाशा.

इथे अजून एका गोष्टीत माणूस फसतोच. मधल्या मॉडेलच्या मेटात, म्हणजे त्याच्या सेटिंगमध्ये, ऑर्डरिंग (नेहमीचा क्रम) लिहिलं म्हणजे झालं असं वाटतं, पण मेनूवरून थेट पदार्थ मागवले तर जँगो पदार्थाच्या मॉडेलचं ऑर्डरिंग बघतो, मधल्याचं नाही. म्हणून पीडीएफसाठी मधल्या टेबलावरूनच सुरुवात करा: या मेनूच्या जोड्या द्या, पदार्थ सिलेक्ट रिलेटेडनं सोबत आणा, क्रमानं लावा, क्रम सारखा निघाला तर आयडीनं. क्वेरी एकच आणि वाचायलाही साफ.

मग प्रश्न येतो मध्ये घुसवायचा. ॲक्वा लाइनचा प्रजापती नगर ते सीताबर्डी हा भाग डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला तेव्हा कॉटन मार्केट स्टेशन चालू नव्हतं, ते 2023 मध्ये उघडलं. म्हणजे गाडी थांबायची तीच स्टेशनं मोजली तर सीताबर्डी तेव्हा नववं होतं, आणि मध्ये एक आल्याबरोबर तिथून दुसऱ्या टोकाच्या लोकमान्य नगरपर्यंत सगळ्यांचा नंबर एकेकानं सरकला. हे टाळायला काही जण 10, 20, 30 असे नंबर देतात, जुन्या बेसिकमध्ये ओळींना द्यायचे तसे, मध्ये 15 घुसवता येतो. हजारो ओळींच्या यादीत ठीक आहे, पण तुमच्या वीस पदार्थांसाठी कशाला? मामानं स्क्रीनवर पदार्थ ओढून वर-खाली केला की पूर्ण यादी सर्व्हरवर पाठवा आणि एकपासून परत नंबर लिहून टाका, बल्क अपडेटनं (सगळ्या ओळी एकदम), सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही). मामा आणि मामी दोन फोनवरून एकाच वेळी लावत असतील तर आधी त्या मेनूची ओळ सिलेक्ट फॉर अपडेटनं अडवा.

एका मेनूत एक नंबर दोनदा नको म्हणून युनिक लावाल तर जपून. तीन आणि चारची अदलाबदल करताना मधल्या क्षणी दोघेही चार होऊ शकतात आणि डेटाबेस तिथेच ओरडतो. पोस्टग्रेसमध्ये ही तपासणी ट्रान्झॅक्शनच्या शेवटी ढकलता येते, जँगो 3.1 पासून मॉडेलमध्येच डिफर्ड लिहायची सोय आहे. एसक्यूलाइटवर आणि मायएसक्यूएलवर ते चालत नाही, तेव्हा लॅपटॉपवरही पोस्टग्रेसच घ्या, अर्धी डोकेदुखी तशीही त्यानंच जाईल.

आणि मामांना एक विचारून घ्या. दिवसभराच्या लग्नाच्या मेनूत सकाळचा चहा आणि चारचा चहा असे दोन लागतात का? जँगोचं आपोआप बनणारं टेबल मेनू-पदार्थाची जोडी एकदाच ठेवू देतं, तुमच्या स्वतःच्या मॉडेलमध्ये तुम्ही ठरवाल तसं. दोनदा हवा असेल तर त्या जोडीवर युनिक लावू नका.

प्रश्न: माझंही असंच आहे पण लॅराव्हलमध्ये (पीएचपी भाषेतली अशीच चौकट), कोचिंग क्लासचे धडे आणि कोर्स. तिथे कसं?
– एक वाचक, प्रताप नगर

उत्तर: तत्त्व तेच, पिव्होट टेबलात (मधल्या टेबलाचं तिथलं नाव) क्रम. रिलेशनमध्ये विथपिव्होट लावून तो कॉलम सोबत घ्या आणि ऑर्डरबायपिव्होट लावा. सेव्ह करताना सिंकला (जोड्या जुळवणारी मेथड) प्रत्येक धड्याच्या आयडीसोबत त्याचा क्रम द्या, तो जुन्या जोड्यांचा क्रमही बदलतो, त्यामुळे तुमचं काम भाच्यापेक्षा बरंच कमी आहे.