शेतमजुरीत बाईला पुरुषापेक्षा कमी पैसे का देतात, कायदा नाही का?

समान वेतनाचा कायदा 1976 लाच झालाय, पण शेतात कोण बघायला येतंय! कारण विचारलं की ठरलेलं उत्तर, बाप्ये जड काम करतात. मग दिवसभर वाकून खुरपणं, कापूस वेचणं हे हलकं झालं का? बाईच्या वाट्याला आलं की काम आपोआप स्वस्त होतं, एवढंच.

ऊसतोडीत तर अजून भारी प्रकार, बीडकडची जोडपी जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांची मिळून एकच जोडी, धरतात, मुकादम म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार उचल (आगाऊ पैसे) देतो ती सहसा नवऱ्याच्या हातात आणि बाई मोळ्या बांधून डोक्यावर वाहून गाडी भरते तरी तिचा वेगळा हिशोब निघतच नाही. रोजगार हमीवर मात्र दर दोघांना सारखा, त्यामुळे बायका तिकडं जायला जास्त तयार असतात.