वाचकांचे प्रश्न : पीडी-१ आणि तासुकू होंजो यांचे संशोधन

प्रश्न : जपानी शास्त्रज्ञ तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने पीडी-१ या प्रथिनाचा शोध १९९२ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यावर आधारित कर्करोगाचे औषध २०१४ मध्ये बाजारात आले. मधली बावीस वर्षे केवळ परवानग्या मिळवण्यात गेली का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : परवानग्यांना त्यातला थोडाच काळ लागला. बहुतेक वर्षे हे प्रथिन शरीरात नेमके काय करते, हे समजून घेण्यात गेली. क्योतो विद्यापीठातील होंजो यांच्या गटाने १९९२ मध्ये ज्या प्रश्नावर काम केले, त्यात कर्करोगाच्या उपचाराचा विचार नव्हता. पेशी ठरावीक संकेत मिळाल्यावर स्वतःहून मरतात, तेव्हा कोणती जनुके कार्यरत होतात, याचा शोध यासुमासा इशिदा आणि त्यांचे सहकारी घेत होते. मरणाच्या वाटेवर असलेल्या दोन प्रकारच्या पेशींमध्ये त्यांना एक नवे जनुक सापडले आणि त्याला पीडी-१ हे नाव मिळाले. पेशीमृत्यूशी त्याचा अपेक्षित थेट संबंध पुढे सिद्ध झाला नाही. तरीही गटाने तो धागा सोडला नाही.

खरे उत्तर मिळाले ते उंदरांकडून. पीडी-१ चे जनुक काढून टाकलेले उंदीर जन्मतः धडधाकट दिसत, पण वय वाढले की त्यांच्यापैकी काहींना सांधेदुखी आणि मूत्रपिंडाचा दाह होई. म्हणजे त्यांची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटत असे. हा निबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या मते होंजो यांच्या या विषयावरील सर्व लेखनात हाच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पीडी-१ हे टी पेशींना (शरीरातील परक्या किंवा बिघडलेल्या पेशींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना) आवर घालणारे प्रथिन आहे, हे त्यातून पहिल्यांदा स्पष्ट झाले. त्याआधी १९९५ मध्ये, सीटीएलए-४ हे असेच आवर घालणारे दुसरे प्रथिन नसलेले उंदीर जन्मानंतर तीन-चार आठवड्यांतच दगावतात, असे दिसले होते. त्या तुलनेत पीडी-१ नसल्याचे परिणाम सावकाश आणि मर्यादित होते. त्यामुळे हे प्रथिन औषधाने रोखले तर माणसाला ते सोसवेल, अशी आशा धरायला जागा होती.

पुढच्या वर्षी, २००० मध्ये, होंजो यांचा गट आणि बोस्टनच्या डेना-फार्बर संस्थेतील गॉर्डन फ्रीमन यांनी मिळून पीडी-१ ला जाऊन जुळणारे पीडी-एल१ हे प्रथिन दाखवून दिले. अमेरिकेत काम करणारे शास्त्रज्ञ लिपिंग चेन यांनी तेच प्रथिन १९९९ मध्ये स्वतंत्रपणे वर्णिले होते. कर्कपेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल१ बाळगून टी पेशींच्या हल्ल्यातून निसटतात आणि ही जुळणी अडवली की उंदरांतील गाठींची वाढ मंदावते, हे होंजो यांच्या गटाने २००२ मध्ये प्रसिद्ध केले. ओनो ही जपानी कंपनी आणि मेडारेक्स ही अमेरिकी कंपनी यांनी मिळून पीडी-१ ला चिकटून ही जुळणी अडवणारी, माणसासाठीची अँटिबॉडी (ठरावीक लक्ष्याला चिकटणारे प्रथिन) तयार केली, २००६ मध्ये मानवी चाचणी सुरू झाली आणि जुलै २०१४ मध्ये जपानने निवोलुमॅब या नावाने त्या औषधाला मान्यता दिली. होंजो यांना २०१८ चे नोबेल सीटीएलए-४ वर काम करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स ॲलिसन यांच्यासोबत मिळाले. मात्र या शोधाचे श्रेय एकाच प्रयोगशाळेला देणे योग्य होणार नाही. अमेरिकेतील अपील न्यायालयानेही २०२० मध्ये फ्रीमन आणि त्यांच्यासोबत काम केलेले संशोधक क्लाइव्ह वुड यांना संबंधित पेटंटांचे सहसंशोधक मानण्याचा निर्णय कायम ठेवला.

पेशीच्या आत काय घडते, तेही येथे सांगायला हवे. टी पेशीच्या ग्राहीला (पृष्ठभागावरील संकेत टिपणाऱ्या प्रथिनाला) परकी खूण दिसली आणि सीडी-२८ या साहाय्यक प्रथिनाकडूनही संमती आली, की पेशीच्या आतील प्रथिनांवर फॉस्फेटचे गट बसत जातात आणि संकेत केंद्रकापर्यंत पोहोचतो. पीडी-१ च्या आतल्या टोकावर टायरोसीन या अमिनो आम्लाच्या दोन जागा आहेत. पीडी-एल१ बाहेरून जुळले, की त्या जागांवर एसएचपी-२ हे एन्झाइम येऊन बसते आणि जवळच्या प्रथिनांवरचे फॉस्फेट काढून टाकते. यात मुख्य घाव ग्राहीपेक्षा सीडी-२८ वर पडतो, असे २०१७ मध्ये इतर प्रयोगशाळांनी दाखवले. थोडक्यात, पीडी-१ टी पेशीला मारत नाही, तिला मिळालेला संकेत पुसून टाकते. आणि म्हणूनच अडथळा दूर होताच तीच पेशी पुन्हा कामाला लागू शकते.

प्रश्न : आमच्या घरातील एका रुग्णाला निवोलुमॅब सुरू करण्यापूर्वी थायरॉइडच्या आणि हृदयाच्या तपासण्या सांगितल्या. कर्करोगाच्या औषधाचा हृदयाशी संबंध कसा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : होंजो यांच्याच गटाने २००१ मध्ये दुसऱ्या वाणाच्या उंदरांतून पीडी-१ काढून पाहिले, तेव्हा त्यांचे सांधे किंवा मूत्रपिंड नव्हे, तर हृदय बिघडले. ते फुगून निकामी झाले आणि हृदयस्नायूंवर अँटिबॉडी चिकटलेल्या आढळल्या. २००३ मध्ये त्या अँटिबॉडी हृदयस्नायूतील ट्रोपोनिन-आय या प्रथिनावर रोखलेल्या असल्याचे दिसून आले. आवर तोच काढला, तरी इजा कुठे होईल हे आनुवंशिक घडणीवरही अवलंबून असते, हा या निबंधांतील धडा औषध घेणाऱ्या रुग्णांनाही लागू पडतो. कुणाचे थायरॉइड बिघडते, कुणाला आतड्याचा, यकृताचा किंवा फुप्फुसाचा दाह होतो, तर कित्येकांना काहीच होत नाही. माणसाच्या हृदयातील दाहात मात्र अँटिबॉडीपेक्षा टी पेशींचाच शिरकाव ठळकपणे दिसतो, त्यामुळे उंदरांवरील निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही. हृदयाचा दाह क्वचितच होतो, पण झाल्यास गंभीर असतो. धाप लागणे, छातीत दुखणे, स्नायूंत विलक्षण अशक्तपणा येणे यांपैकी काही जाणवले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. वेळीच स्टेरॉइड सुरू करण्यावर बरेच काही अवलंबून असते.

प्रश्न : मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये हेच औषध फार कमी मात्रेत देऊन गुण आल्याचे ऐकले. हे खरे आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खरे आहे. डोके व मानेच्या वाढलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरील त्या चाचणीत एका गटाला तोंडाने घ्यायची तीन औषधे दिली आणि दुसऱ्या गटाला त्यांच्या जोडीने दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दिले. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम इतकी असते. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के, तर दुसऱ्यात ४३.४ टक्के होते. याला शास्त्रीय आधारही आहे: अगदी सुरुवातीच्या मानवी चाचण्यांतच, लहान मात्रेनेही टी पेशींवरील बहुतेक पीडी-१ अँटिबॉडीने व्यापले जाते आणि ते कित्येक आठवडे तसेच राहते, असे दिसले होते. ज्या देशात किमतीमुळे बहुसंख्य रुग्ण या उपचाराला मुकतात, तेथे हा निष्कर्ष अत्यंत मोलाचा आहे. परंतु या चाचणीत लहान मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी केलेली नाही, आणि ती एका विशिष्ट कर्करोगापुरती आहे. त्यामुळे आपल्या रुग्णाची मात्रा त्यावरून परस्पर बदलू नये, तर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांशी या अभ्यासाविषयी मोकळेपणाने बोलावे.