ऑनलाइन कॅसिनोने खातं लॉक करून जिंकलेली रक्कम अडवली, तर काय करावं?

आधी स्क्रीनशॉट काढा: शिल्लक, व्यवहारांची यादी, पैसे काढण्याची विनंती आणि बोनसच्या अटी. अटी नंतर गुपचूप बदलल्या जाऊ शकतात. नेमका कोणता नियम मोडला, हे ईमेलवर लेखी विचारा. चॅट बंद झाली की पुरावा उरत नाही. अनेकदा कारण बोनसचं असतं: 100 च्या बोनसवर 35 पट अट म्हणजे 3500 ची बाजी लावेपर्यंत पैसे अडकलेले. केवायसीत नाव-पत्ता तंतोतंत जुळवा. कॅसिनोकडे ब्रिटिश परवाना असेल आणि त्यांच्याकडे तक्रार करून 8 आठवड्यांत तोडगा निघाला नाही, तर आयबास (IBAS, जुगाराचे वाद सोडवणारी ब्रिटिश संस्था) सारख्या मान्यताप्राप्त स्वतंत्र लवादाकडे मोफत तक्रार करता येते. परवानाच नसेल तर वसुली फार अवघड. ‘खातं अनलॉक करायला आधी पैसे भरा’ म्हणाले, तर कृपा करून एक पैसाही देऊ नका, ती सरळ फसवणूक आहे.