हिशेब गेला नाही, डिरेक्टरी बदलली

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील आमच्या चादरींच्या कारखान्यात कामगारांच्या मजुरीचा हिशेब वडील अजूनही डॉस या जुन्या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या संगणकावर ठेवतात. गेल्या आठवड्यात त्यांनी नेहमीप्रमाणे नाव टंकून प्रोग्राम सुरू केला. प्रोग्राम उघडला, पण सगळी खाती कोरी दिसली. प्रोग्राम सापडतो आणि त्याची फाइल मात्र सापडत नाही, असे कसे होते? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : हिशेब बहुधा सुखरूप आहे, हे वडिलांना आधी सांगावे, आणि उलगडा होईपर्यंत त्या कोऱ्या खात्यांत एकही नोंद करू नये.

डॉसने प्रोग्राम शोधणे आणि प्रोग्रामने स्वतःची फाइल मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण नाव टंकतो तेव्हा डॉस प्रथम ती अंगभूत आज्ञा आहे का ते पाहतो, मग चालू डिरेक्टरीत, म्हणजे फाइलींच्या ज्या कप्प्यात आपण त्या वेळी असतो तिथे, त्या नावाची कॉम, एक्सई किंवा बॅट (चालवता येणाऱ्या फाइलींचे तीन प्रकार) फाइल याच क्रमाने शोधतो, आणि तिथे न मिळाल्यास पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचे त्या यादीत, नोंदवलेल्या डिरेक्टऱ्या एकामागून एक धुंडाळतो. प्रोग्राम सुरू झाल्यावर मात्र पाथचा संबंध संपतो. त्याने पूर्ण पत्ता न देता नुसत्या नावाने फाइल मागितली, तर डॉस ती केवळ चालू डिरेक्टरीत पाहतो आणि नसल्यास तसे कळवतो. पुढे काय करायचे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवलेले असते. त्या काळातील अनेक प्रोग्राम अशा वेळी मुकाट्याने नवी, रिकामी फाइल तयार करीत. माझ्या मते ही सवय घातक होती, कारण वर्षानुवर्षांचे काम पुसले गेले असा समज त्यातून होतो.

आपल्याकडे हेच घडलेले दिसते. संगणक सुरू होताना योग्य डिरेक्टरीत नेणारी सीडी या डिरेक्टरी बदलणाऱ्या आज्ञेची ओळ ऑटोएक्झेक या आपोआप चालणाऱ्या फाइलमधून निघून गेली असावी.

डॉसची ५.० किंवा त्यापुढची आवृत्ती असल्यास डिस्कच्या सर्वांत वरच्या, म्हणजे मूळ डिरेक्टरीत जाऊन डिर या फाइलींची यादी दाखवणाऱ्या आज्ञेला फाइलचे नाव आणि तिरक्या रेघेपुढे एस जोडावे. त्या नावाच्या सर्व फाइली आकार आणि तारखेसह दिसतील. मोठी आणि जुन्या तारखेची असेल ती बहुधा खरी. तिची प्रत फ्लॉपीवर घ्यावी. मग आधी सीडीने तिच्या डिरेक्टरीत जाणारी आणि नंतर प्रोग्राम सुरू करणारी दोन ओळींची बॅच (बॅट) फाइल, प्रोग्रामहून वेगळ्या नावाने, करून ठेवावी.

काही जण अपेन्ड ही आज्ञा सुचवतील. तिने इतर डिरेक्टरीतील फाइल वाचता येते हे खरे, पण जतन करताना नवी प्रत चालू डिरेक्टरीत पडू शकते, आणि मग एकाच मजुरीचे दोन हिशेब तयार होतात. म्हणून हिशेबाच्या कामासाठी ती वापरू नये.