गीझर दिवसभर चालू ठेवावा का?

प्रश्न : आमच्या घरी २५ लिटरचा साठवण गीझर आहे. तो सतत चालू ठेवल्यास वीज वाचते, असे शेजारी सांगतात. हे खरे आहे का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : नाही. पाणी गरम असेपर्यंत टाकीतून उष्णता बाहेर जातच राहते आणि ती तूट भरून काढण्यासाठी थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा वीज सुरू करतो. त्यामुळे वापराविना गेलेल्या प्रत्येक तासाचे पैसे आपणच भरतो. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे १.२ युनिट वीज लागते आणि २ किलोवॉटच्या गीझरला त्यासाठी साधारण ३५ मिनिटे पुरतात. म्हणून आंघोळीच्या पाऊण तास आधी गीझर सुरू करावा, सर्वांनी लागोपाठ आंघोळ उरकावी आणि मग तो बंद करावा. टायमर लावायचा असल्यास तो १६ अँपिअरचाच घ्यावा. बोअरचे पाणी जड असल्यास कॉइलवर क्षार साचून पाणी तापण्यास अधिक वेळ लागतो, तेव्हा तंत्रज्ञाकडून टाकी वेळोवेळी साफ करून घ्यावी. कर्नाटक सरकारच्या मोफत घरगुती विजेच्या गृहज्योती योजनेत महिन्याचा वापर २०० युनिटांपुढे गेल्यास पूर्ण बिल भरावे लागते, हेही हिवाळ्यात अवश्य ध्यानात ठेवावे.