हॅलोवीन भुतांचा सण की चर्चचा?

मुलाच्या शाळेत हॅलोवीनची पार्टी ठरलीय, आणि हा भुताखेतांचा सण ख्रिस्ती धर्मात आला कुठून, असं तुम्ही विचारलंय.

मी वसईतल्या कॅथलिक घरात वाढलो. लहानपणी हॅलोवीन हा शब्द कधी कानावर पडला नाही, पण त्याला लागून येणारे दोन दिवस आमच्याकडे चुकत नसत. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण. २ तारखेला मृतांचा दिवस: आधी कबरी धुवायच्या, मग फुलं, मेणबत्त्या, मिस्सा (चर्चची मुख्य उपासना), आणि फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरायचे.

हॅलोवीनचं नाव इथूनच आलंय. जुन्या इंग्रजीत ‘हॅलो’ म्हणजे संत. ‘ऑल हॅलोज ईव्हन’ म्हणजे सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ. बोलता बोलता झिजून त्याचं हॅलोवीन झालं.

रोमचं पँथिऑन हे जुनं देवालय पोप चौथे बोनिफेस यांनी इ.स. ६०९च्या सुमारास येशूची आई मारिया आणि सर्व रक्तसाक्षींना, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेल्यांना, अर्पण केलं. तो दिवस १३ मे; सर्व संतांच्या सणाचं मूळ त्यात मानतात. पुढे नवव्या शतकात १ नोव्हेंबर ही तारीख पश्चिम युरोपभर रुळली. आयर्लंडमधल्या ख्रिस्ती धर्माआधीच्या जुन्या ‘सॉविन’ सणावर चर्चने आपला सण चढवला, असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. खुद्द आयरिश चर्च तेव्हा हा सण २० एप्रिलला पाळत होतं! सॉविनच्या काही चालीरीती नंतर यात मिसळल्या असतील, पण सणाचा पाया तो नव्हे.

२ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस ही फ्रान्समधल्या क्लूनी मठाचे प्रमुख संत ओदिलो यांची देणगी, सुमारे हजार वर्षांपूर्वीची. शुद्धिस्थानातल्या, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असलेल्या, आत्म्यांसाठी त्या दिवशी प्रार्थना करायची. इंग्लंडात गरीब माणसं या दिवसांत दारोदार जात, घरची बाई त्यांना छोटा गोड केक देई, आणि ती माणसं त्या घरातल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करत. पोरं आज दारोदार चॉकलेटं मागत फिरतात, त्याच्या मुळाशी मला हीच रीत दिसते. भोपळा मात्र अमेरिकेतला. आयर्लंडात सलगम कोरत, अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांना भोपळा सोपा पडला.

मुलाला पार्टीला खुशाल पाठवा. जमलं तर २ तारखेला संध्याकाळी वसईच्या एखाद्या दफनभूमीतही घेऊन या. मेणबत्त्यांच्या उजेडात अख्खी घरं आपापल्या माणसांच्या कबरीभोवती उभी असतात.